रानसशाचा सॉस पिकाँत

सॉस पिकाँत म्हणजे टोमॅटो आणि तिखट घातलेला केजन रस्सा. त्याला लागणारं मांस विकत मिळत नाही. महाग असतं म्हणून नव्हे, विकणं हाच गुन्हा आहे म्हणून. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात परवाना काढून, हंगामात, ठरलेल्या संख्येत रानससा, खार, हरीण, रानबदक मारता येतं. घरी शिजवता येतं, शेजारीपाजारी वाटता येतं. पण पैसे घेऊन त्यातली एक तंगडीही कुणाला देता येत नाही. रेस्टॉरंटच्या मेनूवर ‘रॅबिट सॉस पिकाँत’ दिसला तर तो ससा पिंजऱ्यात वाढलेला आणि सरकारी तपासणीतून आलेला असतो. चवीला बरा लागतो. रानातल्या सशाशी त्याचं नातं आडनावापुरतं.

तेव्हा हा रस्सा खायचा तर आधी माणसं जोडावी लागतात. इथल्या लाफायेट शहरात आमच्या शेजारी एक आजी-आजोबा राहतात. आजोबा समुद्रातल्या तेलविहिरींवर नोकरी करून निवृत्त झालेले. ऑक्टोबर उजाडला की त्यांचा अर्धा मुक्काम अचाफलाया नदीच्या दलदलीत. आजी दुपारभर बहिणीशी फोनवर केजन फ्रेंचमध्ये भांडतात आणि मला ‘शा’, म्हणजे लाडके, अशी हाक मारतात. आम्ही राहायला आलो त्या थंडीत आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं, “तुम्ही लोक ससा खाता का?” आमच्या घरात माणसं दोन, त्यातला एक कट्टर शाकाहारी. मी म्हटलं, “मी खाते.” तेव्हापासून आमच्या फ्रीजरचा खालचा कप्पा आजोबांच्या नावावर झाला आहे. नवऱ्याचे मटार आणि ओलं खोबरं वरच्या कप्प्यात, मध्ये सीमारेषा.

मराठी ओळखीच्यांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: अगं, पण शिकार चालते का तिकडे? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे तुरुंगाची वाट, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. इथे चालते, इतकंच नव्हे तर २००४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून लुइझियानाने शिकार आणि मासेमारीचा हक्कच लिहून ठेवला. पण मोकळं रान नाही. ससे आणि खारींचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, आणि एका माणसाला दिवसाला आठ ससे, आठ खारी एवढीच मुभा. बदकं सहा. बदकासाठी वेगळा केंद्र सरकारचा ‘डक स्टँप’ घ्यावा लागतो, तो आता २५ डॉलरला मिळतो. १९३४ पासून ही तिकिटं निघतात आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या जातात. पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे झाडायला १९९१ पासून देशभर बंदी आहे, कारण पाण्यात पडलेलं शिसं बाकीचे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधा होऊन मरतात. गंमत म्हणजे ताजं मारलेलं रानबदक कुणाला भेट द्यायचं तर स्वतःच्या किंवा घेणाऱ्याच्या घरी दिलं तर ठीक, रस्त्यात कुठे दिलं तर त्याला चिठ्ठी बांधावी लागते: शिकाऱ्याची सही, पत्ता, किती पक्षी, कोणत्या जातीचे, कधी मारले. आजोबा हे नियम पोथीसारखे पाळतात. मला बंदूक आवडत नाही, घरात नकोच आहे, पण ज्या माणसाला कोणत्या तळ्यावर यंदा पाणी कमी आहे हे तोंडपाठ असतं, त्याच्याशी तात्त्विक वाद घालायला मला जमत नाही.

दुसरा प्रश्न खारीवरून. खार खायची? सेतू बांधायला मदत करणारी, पाठीवर रामाची बोटं उमटलेली? तर इथल्या खारीच्या पाठीवर बोटं नाहीत. ती करडी किंवा तांबूस, आपल्या खारुताईपेक्षा बरीच दांडगी, आणि शिशिरभर ओकची फळं आणि पेकान खाऊन तिचं मांस गोडसर झालेलं असतं. मी खाते. तरीही पातेल्यात पहिल्यांदा तिच्या मागच्या तंगड्या ओळखू आल्या तेव्हा मी मनातल्या मनात ‘श्रीराम’ म्हटलं होतं, हे कबूल. या वेळी मात्र ससाच होता, आणि तोही ‘स्वाँप रॅबिट’: अमेरिकेतल्या कापूसशेपट्या सशांमधला सगळ्यात मोठा, चक्क पोहणारा. कुत्री मागे लागली की पाण्यात उडी टाकतो.

केजन लोक म्हणजे मूळचे अकेडियन, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचे फ्रेंच शेतकरी. ब्रिटिशांनी १७५५ पासून त्यांना तिथून हुसकावलं आणि त्यांतले बरेच फिरत फिरत दक्षिण लुइझियानात येऊन ठेपले. ज्या भागात ते स्थिरावले त्या २२ पॅरिशना, म्हणजे जिल्ह्यांना, १९७१ मध्ये विधिमंडळाने ‘अकेडियाना’ असं अधिकृत नाव दिलं. वाट्याला आलं ते गवताळ रान, बायू म्हणजे संथ ओढे, आणि दलदल. हाताशी येईल तो प्राणी, त्याला चिकाटीने मऊ करायचं आणि भातावर घालून दहा तोंडांना पुरवायचं. सॉस पिकाँत त्याच खटपटीतून आलेला. ससा, खार, कासव, मगर, बदक, हरीण, काहीही चालतं. आजींच्या मते नुसत्या पिठाच्या दाट तपकिरी रश्श्याला ‘स्ट्यू’ म्हणायचं, पातळ असेल तर गंबो, आणि टोमॅटो व तिखट पडलं की सॉस पिकाँत. पुढच्या गल्लीतल्या कुणाचं मत वेगळं असेल, तर तो त्यांचा प्रश्न.

आता स्वयंपाकाकडे वळते.

रानातल्या मांसाच्या दोनच खोडी: चरबी नसते आणि वय माहीत नसतं. बाजारातली कोंबडी दोन महिन्यांच्या आतली असते, कुठे चालली-फिरलीही नसते. ससा रोज जीव घेऊन पळतो. जितकं जनावर जून, तितकं त्याच्या मांसातलं कोलॅजेन घट्ट विणलेलं, आणि ते विरघळून जिलेटिन व्हायला मंद आच आणि वेळ दोन्ही लागतात. खळखळून उकळलंत तर कोलॅजेन सुटायच्या आत मांसातलं पाणी पिळून निघतं आणि तोंडात सुतळी येते. या रश्श्याचा प्रत्येक नियम या दोन खोडींसाठी आहे. तिखट हा सगळ्यात शेवटचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा.

आजोबा ससे सोलून, झिपच्या पिशवीत घालून, वर मार्करने तारीख लिहून देतात. सोलताना ते हातमोजे घालतात, कारण सशांना ट्युलरेमिया नावाचा जिवाणूचा आजार असू शकतो आणि तो कातडीवरच्या ओरखड्यातून माणसाला लागतो. नीट शिजवलं की धोका जातो. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस हा आकडा लक्षात ठेवावा, आणि दोन तास शिजणाऱ्या रश्श्यात तो आपोआपच ओलांडला जातो.

पिशवी रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्यायची, मग तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवायचे. पाणी लाल झालं की बदलायचं. त्यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण ते नुसत्या डोळ्यांनी होत नाही, बोटंही लागतात. प्रत्येक तुकडा उजेडाखाली धरून अंगठा दाबत न्यायचा. जिथे मांसात काळपट जांभळा डाग असेल तिथे छरा शिरलेला असतो. डागाच्या मध्यात सुरीचं टोक घातलं की कधी छर्राच येतो, मोहरीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याच्यासोबत आत ओढले गेलेले दोन-चार केस. छर्रा राहिला तर दात जाईल, केस राहिले तर भूक. वाटीत टाकला की ‘टिण्’ असा आवाज होतो. नवरा तो आवाज ऐकून दुसऱ्या खोलीत जातो. पुढच्या पायांच्या काखेत आणि कमरेपाशी मेणासारख्या बारीक गाठी असतात, त्याही काढायच्या. ठेवल्या तर रश्श्याला उग्र दर्प येतो. कमरेवरची चंदेरी पातळ कातडी सुरी आडवी धरून सोलायची. ती कितीही शिजवा, मऊ होत नाही.

सशाचे आठ तुकडे होतात: चार पाय, कंबर दोन, बरगड्यांचे दोन. बरगड्यांवर मांस कमी, पण त्यांचा अर्क उतरतो. दोन मोठ्या सशांना मीठ, काळी मिरी, पांढरी मिरी आणि केयेन मिरची चोळून ठेवायची. तीन तऱ्हेची तिखटं एकत्र वापरायची पद्धत ओपलुसासजवळच्या शेतकरी घरातून आलेल्या पॉल प्रुडोम या शेफने जगाला माहीत करून दिली. केयेन जिभेच्या मागे लागते, काळी मिरी पुढे, पांढरी नाकात चढते. हे मी सांगते म्हणून मानू नका, वेगवेगळी चाखून बघा.

जाड बुडाचं मोठं पातेलं घ्यायचं. थोड्या तेलात आधी ऑन्डूई सॉसेजच्या चकत्या परतायच्या. ते धुरावलेलं डुकराचं सॉसेज आहे आणि सशाकडे नसलेली चरबी पुरवायचं काम त्याचं. चकत्या काढून त्याच तेलात ससा टाकायचा, गर्दी न करता, दोन-तीन खेपांमध्ये. आणि हलवायचा नाही. तुकडा तळाला चिकटून खरपूस झाला की आपण होऊन सुटतो. तळाशी जो तपकिरी थर जमतो त्याला इथे ‘ग्राताँ’ म्हणतात, आणि आजी रश्श्याची परीक्षा त्याच्यावरून करतात. मी एकदा भांडं घासायला घेतलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातून ते काढूनच घेतलं.

मग ससा काढून ठेवून त्याच पातेल्यात रू, म्हणजे तेलात भाजलेला मैदा. अर्धा कप तेल, अर्धा कप मैदा, मध्यम आच, चपट्या टोकाचा लाकडी उलथणा. बेसनाच्या लाडवांसाठी ज्यांनी पीठ भाजलं आहे त्यांना यातलं निम्मं येतं: हात थांबवायचा नाही, फोन घ्यायचा नाही, वासावर लक्ष ठेवायचं. फरक एवढाच की जिथे आपण “झालं” म्हणून गॅस बंद करतो, तिथून रूचा खरा प्रवास सुरू होतो. पांढरट, मग बदामी, मग विटकरी, मग तांबूस, मग काळ्या चॉकलेटच्या अलीकडचा तपकिरी. मला पाऊण तास लागतो, आजी त्याच्या निम्म्या वेळात करतात कारण त्या मोठ्या आचेला भीत नाहीत. बदामी असताना कच्च्या पिठाचा वास जाऊन पॉपकॉर्नसारखा येतो, विटकरीला भाजलेल्या शेंगदाण्यांचा, त्यापुढे कॉफीकडे झुकतो. काळे ठिपके दिसले तर रू जळला. वाचवायच्या भानगडीत न पडता टाकून द्यावा, सगळा रस्सा कडू होतो. आणि हातावर उडू देऊ नका. उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि चिकटून बसतो. रू जितका काळा तितका कमी दाट करतो, कारण भाजता भाजता मैद्यातला स्टार्च तुटत जातो. म्हणून गडद रू चवीसाठी, दाटपणासाठी नव्हे. सॉस पिकाँतला मी तांबूसवर थांबते, कारण पुढे टोमॅटो यायचा असतो आणि फार काळा रू त्याच्याशी भांडतो. घाई असेल तर इथल्या दुकानात बरणीतला तयार रूही मिळतो, आणि अस्सल केजन घरांतही तो असतो. बाहेरचे लोकच त्याला नावं ठेवतात.

हवा तो रंग आला की लगेच बारीक चिरलेले दोन मोठे कांदे घालायचे. जोरात चरचरतं, वाफ उठते, रू आणखी एक छटा गडद होऊन थांबतो. मग सेलरीचे तीन दांडे आणि एक हिरवी ढोबळी मिरची. या तिघांना इथे ‘ट्रिनिटी’ म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय इथली चूल पेटत नाही. लसूण मागाहून, सहा-सात पाकळ्या, नाहीतर करपतो. टोमॅटो पेस्टचा छोटा डबा घालून ती तेल सोडेपर्यंत परतायची. ही पायरी टाळणारे लोक मग साखर घालत बसतात. पेस्टचा आंबट कच्चेपणा परतल्यानेच जातो. त्यावर हिरव्या मिरच्या घातलेल्या टोमॅटोचा एक डबा, साध्या टोमॅटोचा एक, तीन तमालपत्रं, थोडा थाइम, वूस्टरशर सॉसचा शिडकावा आणि कोंबडी उकळलेलं सहा कप पाणी. लाकडी उलथण्याने तळ खरवडून सगळा ग्राताँ वर आणायचा, ससा आणि सॉसेज आत सोडायचं.

एक उकळी आली की आच इतकी कमी करायची की मिनिटभरात चार-पाच बुडबुडे फुटतील. झाकण तिरकं. आजींचं फर्मान: “शा, ढवळायला पुन्हा पुन्हा येऊ नकोस. हाडं मोडतील.” कोवळा ससा दीड तासात होतो. जून असेल तर अडीच. खार म्हातारी असेल तर तीनही लागतात. घड्याळ बघू नका, मागची तंगडी बघा. काट्याने टोचून फिरवल्यावर मांस हाडावरून सरकलं पाहिजे, पण गळून पडता कामा नये. वरती लालसर तेलाचा तवंग येतो, तो निम्मा काढून टाकते मी. आजोबांच्या देखत नाही.

तिखटाबद्दल. गावाबाहेरच्यांना वाटतं केजन म्हणजे नाकातोंडातून धूर. खरं सांगायचं तर एव्हरी आयलंडवर १८६८ पासून बनणारा टबास्को सॉस प्रत्येक टेबलावर असला तरी पातेल्यातला रस्सा आपल्या मानाने मवाळच असतो. आमच्याकडे येणारी मराठी मंडळी पहिला घास घेऊन माझ्याकडे दयेने बघतात. मग पाचव्या घासाला पाणी मागतात. कारण इथे तिखट एकदम अंगावर येत नाही, टप्प्याने चढतं: थोडं मांसाला चोळलेलं, थोडं भाज्यांबरोबर शिजलेलं, थोडं शेवटी. शेवटचं केयेन मी पाव चमच्याने घालते आणि दहा मिनिटं थांबून चाखते, कारण ते उशिरा बोलतं. वरून मूठभर कांद्याची पात आणि पार्सली, गॅस बंद केल्यावर.

भात मध्यम दाण्याचा, किंचित चिकट, इथल्याच क्राउली गावाच्या बाजूच्या शेतांतला. शिजवायचा हिटाचीच्या राइस कुकरमध्ये. हे जपानी यंत्र अकेडियानात लग्नाच्या आहेरात का असतं हे आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, दुसरं काय द्यायचं? बाजूला बटाट्याचं सॅलड. काही लोक त्याचा गोळा थेट रश्श्यात टाकतात. मला ते पटायला वेळ लागला, पण थंड बटाटा आणि गरम तिखट यांचं जमतं.

बदक असेल तर पद्धत तीच, पण रानबदकाला यकृतासारखी चव असते आणि ती सगळ्यांना झेपत नाही. छाती वेगळी काढून झटपट भाजावी, तंगड्या रश्श्यात घालाव्या. हरणाला खांद्याचा भाग घ्यावा. हरणांमध्ये ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा मेंदूचा रोग पसरतो आहे, लुइझियानात तो २०२२ मध्ये टेन्सस पॅरिशमध्ये पहिल्यांदा सापडला, म्हणून त्या बाजूचं हरीण असेल तर तपासणीचा निकाल आल्याशिवाय मी शिजवत नाही. आणि न्यूट्रिया. दक्षिण अमेरिकेतून फरसाठी आणलेला हा घुशीचा थोरला भाऊ पाणथळीतली गवतं मुळासकट खातो आणि किनारा खचवतो. सरकार एका शेपटीला सहा डॉलर देतं. त्याचं मांस लोकांनी खावं म्हणून राज्याने बरेच प्रयत्न केले, पाककृती छापल्या, काही उपयोग झाला नाही. मी खाल्लाय. पिकाँतमध्ये सशाहून फार वेगळा लागत नाही. लोक दाताळं तोंड आठवून नाही म्हणतात.

तुमच्याकडे शेजारी शिकारी नसतील तर कोंबडी घ्या, पण हाडासकट मांड्या आणि तंगड्या, छातीचे तुकडे नकोत. गावठी जून कोंबडी मिळाली तर उत्तम, तिला दोन तास लागतील आणि तीच सशाच्या सगळ्यात जवळ जाईल. फार्मवरची असेल तर मिठाच्या पाण्याचा सोपस्कार वगळा, कातडी काढा, पाणी दोन कपांनी कमी घ्या आणि पन्नास मिनिटांनी बघा. ऑन्डूईऐवजी कोणतंही धुरावलेलं सॉसेज चालेल. रू मात्र तांबूस होईपर्यंत भाजायचाच. रस्सा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम केलात तर टोमॅटो आणखी मुरतो. भात मात्र ताजा लावा.